आभाळ मोकळं झालं, डोंगर नाही

जोराचा बर्फ पडून गेला की दुसऱ्या दिवशी गुलमर्गला बहुधा लख्ख ऊन पडतं. आकाश निळंशार, देवदार वाकलेले, आणि हॉटेलातली झाडून सगळी स्कीवाली मंडळी खांद्यावर स्की टाकून गोंडोलाच्या, म्हणजे वर नेणाऱ्या रोपवेच्या, रांगेत उभी. समोर अफरवट डोंगराच्या उतारावर स्कीची एकही रेघ नसते. पहिली रेघ आपली असावी, एवढ्याचसाठी माणसं अंधारात उठून बूट चढवतात. गेल्या हिवाळ्यात मी तिथे हिमस्खलनाचं प्रशिक्षण घेतलं. डोक्यात पक्कं बसलं ते हेच की या सुंदर सकाळीच डोंगर सगळ्यात जास्त बिथरलेला असतो.

मी इंदूरची. व्यवसायानं स्ट्रक्चरल इंजिनियर, म्हणजे दिवसभर कॉलम, बीम आणि लोकांच्या गच्चीवरच्या जादा टाक्या. इंदुरात बर्फाशी संबंध येतो तो सराफ्यात गोळा खाताना. स्की मी शिकले चाळिशी उलटल्यावर, गुलमर्गच्याच सोप्या उतारांवर, बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या बरोबरीनं पडत-उठत. मग माझा भाचा बंगळूरहून या नादात सामील झाला. तो वयानं निम्मा आणि वेगानं दुप्पट. दोन हिवाळे खुणांच्या आतल्या, दाबून सपाट केलेल्या उतारांवर काढल्यावर त्याला तिथे करमेना. "मावशी, आता गोंडोलानं वर जाऊ आणि बाजूच्या दरीत उतरू. ताजी पावडर. गाइड घेऊ ना बरोबर."

पावडर म्हणजे नुकता पडलेला, भुसभुशीत बर्फ. मी म्हटलं, आधी हिमस्खलनाचं शिकायचं, मग बघू.

गाइड असला म्हणजे झालं, हे त्याचं म्हणणं मला पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलन झालं. पोलंडचे दोन स्कीअर गेले. एकोणीस परदेशी पाहुण्यांना आणि दोन स्थानिक गाइडना बाहेर काढावं लागलं. म्हणजे गाइड होतेच. पुढच्या वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू असतानाच खुणांबाहेर गेलेला रशियन गट हिमस्खलनात सापडला आणि त्यातला एक जण वाचला नाही. या दुसऱ्या घटनेआधीचा हिवाळा आठवून बघा. त्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडंच होतं, वर्तमानपत्रांत तपकिरी मैदानांचे फोटो येत होते. मग महिनाअखेरीपासून बर्फ आला आणि धो धो आला. पर्यटक खूश झाले. पण बर्फाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हा क्रम ऐकूनच धडकी भरते. का ते पुढे येईल.

प्रशिक्षणाला येण्याआधी एक काम घरी करून या, असं कळवलं होतं. बीकन वापरायचा सराव. बीकन, म्हणजे ट्रान्सीव्हर, छातीला पट्ट्यांनी बांधायचा. चालू केला की तो सतत ४५७ किलोहर्ट्‌झवर संदेश सोडत राहतो. कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापले बीकन शोधायच्या स्थितीत न्यायचे आणि त्या संदेशाच्या मागे जायचं. जगातल्या सगळ्या कंपन्यांचे बीकन एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात, ही अक्कल या धंद्यानं दाखवली आहे. आमच्या क्षेत्रात अजून नळाचे आटे जुळत नाहीत.

दोन बीकन एका ओळखीच्या गिर्यारोहकाकडून उसने आणले. बर्फ नव्हता, पण राजेंद्रनगरच्या पुढे आमच्या एका साइटवर रेतीचे दोन डंपर नुकतेच उतरले होते. दिवाळीत भाचा घरी आला, तेव्हा रविवारी सकाळी पोहे-जिलबी उरकून आम्ही तिथे गेलो. एक बीकन डब्यात, डबा जुन्या गोधडीत गुंडाळून रेतीत पुरला. चौकीदार बराच वेळ लांबून बघत होता. शेवटी जवळ आला. "मॅडम, क्या गुम गया? जेसीबी बुलवा दूँ?" भाच्यानं त्याला समजावलं की हा सराव आहे, बर्फात माणूस दबला तर कसा शोधायचा याचा. त्यानं रेतीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भिया, इंदौर में?"

शोधण्याचे टप्पे तिथेच अंगवळणी पडले. आधी संदेश पकडायचा, तो साधारण चाळीस-पन्नास मीटरवरून मिळायला लागतो. मग बीकनच्या पडद्यावरच्या बाणाच्या मागे जायचं. हा मार्ग सरळ नसतो, चुंबकीय क्षेत्राच्या वक्र रेषेवरून तो आपल्याला वळवत नेतो, आणि नवख्या माणसाला वाटतं यंत्र बिघडलं. पडद्यावरचा अंतराचा आकडा तीनच्या खाली आला की गुडघे टेकायचे, बीकन जमिनीलगत आणायचा आणि अगदी सावकाश आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे सरकवत सगळ्यात लहान आकड्याची जागा काढायची. तिथून प्रोब. प्रोब म्हणजे दोन-तीन मीटर लांबीची, घडी होणारी सळई. उताराला काटकोनात खुपसायची, मध्यापासून गोल गोल बाहेर, दर वेळी पंचवीस सेंटीमीटरचं अंतर ठेवून. गोधडीला लागली की हाताला वेगळं कळतं. एकदा कळलं की प्रोब काढायचा नाही, तसाच उभा ठेवायचा. हे सगळं करताना मोबाइल अर्धा मीटर तरी लांब हवा, नाही तर त्याच्या गोंधळानं बीकन भलतीकडे नेतो. भाच्यानं खिशातला फोन काढून गाडीत ठेवला, तो त्याच्या आयुष्यातला दुर्मीळ क्षण होता.

दमसासासाठी रालामंडळची टेकडी होती. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून वर होळकरांच्या शिकारगाहापर्यंत चढायचं आणि उतरायचं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कंटाळवाणं काम आहे.

जानेवारीत श्रीनगरला उतरलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. चिल्लई कलान चालू होता. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला काश्मिरात हे नाव आहे. टनमर्गला टॅक्सी बदलावी लागली, पुढच्या चढाला चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच सोडत होते. संध्याकाळी गुलमर्गला पोचलो आणि बर्फ सुरू झाला. तो थांबायचं नाव घेईना.

सगळ्यांना वाटलं, प्रशिक्षण बुडालं. आमचे प्रशिक्षक मात्र खुशीत होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा, तिथलाच माणूस. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे आणि ते सगळ्यांना 'जनाब', मला 'मॅडम'. बुखारीभोवती, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीभोवती, आम्हाला बसवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नीचे क्या है?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाहेर काय पडतंय ते सगळ्यांना दिसत होतं. ते कशावर पडतंय, याचा विचार आमच्यातल्या एकानंही केला नव्हता.

हिमस्खलन म्हटलं की डोंगरावरून गडगडत येणारा बर्फाचा लोंढा डोळ्यांसमोर येतो. माणसं मरतात ती बहुतेक स्लॅबमुळे. वर एकसंध, आपसांत बांधलेला थर, त्याच्या खाली एक कमजोर थर. कमजोर थर एका ठिकाणी मोडला की तडा उताराभर पळत जातो आणि वरचा आख्खा थर एकदम सुटतो. यासाठी उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा लागतो, सगळ्यात जास्त स्खलनं ३८ अंशांच्या आसपास होतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, आपोआप सांडत राहतो. त्याहून सपाट असेल तर सहसा सुटत नाही. आता गंमत बघा, ३० ते ४० अंशांचाच उतार स्कीसाठी सगळ्यात मजेचा. आणि सुटायला जो धक्का लागतो तो, माणसं सापडलेल्या घटनांत दहापैकी नऊ वेळा, त्या माणसानं किंवा त्याच्याच गटातल्या कोणी दिलेला असतो.

कमजोर थर कसा होतो, ते मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात खलनायक थंडी आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे कोरडे, निरभ्र जातात. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास, आणि वरचा पृष्ठभाग रात्री उणे पंधरा. थर पातळ असला की एवढा फरक थोडक्या जाडीत बसतो. दर दहा सेंटीमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की वाफ खालून वर सरकायला लागते आणि बर्फाचे कण एकमेकांना सोडून टोकदार, कोनदार होतात. असा बर्फ मुठीत धरला तर गोळा होत नाही, बोटांतून सांडतो. त्यावर पुढे कितीही ताजा बर्फ पडला तरी पाया तोच. २०२४ चा कोरडा जानेवारी म्हणूनच वाईट. निरभ्र रात्री पृष्ठभागावर पिसांसारखे दंवाचे स्फटिकही उगवतात. फोटोत फार सुंदर दिसतात. ते गाडले गेले की पुढे कित्येक आठवडे कमजोर थर म्हणून टिकतात.

त्या रात्री वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडात मी सवयीनं आकडेमोड केली. साठ सेंटीमीटर ताजा बर्फ, घनमीटरला शंभर किलो धरला तर चौरस मीटरला साठ किलो. घराच्या खोलीच्या फरशीला आम्ही चौरस मीटरला दोनशे किलोचा चल भार धरतो, म्हणजे हे फार नाही. सरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा चढवून नीट वाचलं. त्यांचं उत्तर असं : भार किती यापेक्षा किती वेळात आला ते बघा. बर्फ हळूहळू चढलेलं वजन सोसतो, त्याचे कण दबून एकमेकांना चिकटत जातात. तेच वजन एका रात्रीत आलं तर त्याला वेळ मिळत नाही. चोवीस तासांत तीस सेंटीमीटरच्या वर गेला की कान टवकारायचे. आणि हा हिशोब वारा नसतानाचा. वारा एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो, आभाळातून पडतो त्याच्या कित्येक पट वेगानं. अफरवटचा गुलमर्गकडचा उतार पूर्वेकडे-ईशान्येकडे तोंड करून आहे आणि तिथलं वादळ पश्चिमेकडून येतं. म्हणजे आम्हाला ज्या बाजूला उतरायचं, तिथेच वारा माल आणून टाकणार.

इंदूरहून नेलेली शेव त्या दोन रात्रींत संपली. नून चहाबरोबर, म्हणजे काश्मिरी खारट चहाबरोबर, लवंगी शेव चांगली लागते, हे मी अनुभवानं सांगते.

रोज सकाळी सर मोबाइलवर डीजीआरईचं पत्रक वाचून दाखवत. ही संरक्षण खात्याची चंदीगडची संस्था. पूर्वीची सासे, जी १९६९ मध्ये मनालीला सुरू झाली, ती आता हिच्यात विलीन झाली आहे. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या भागांसाठी ती हिमस्खलनाचे इशारे देते. इशाऱ्याच्या पाच पायऱ्या असतात. पाचव्या पायरीला कोणी बाहेरच पडत नाही. बरेचसे जीव जातात ते तिसऱ्या पायरीला, कारण तीन म्हणजे पाचातला मधला, 'ठीकठाक' असं वाचलं जातं. प्रत्यक्षात तिचा अर्थ माणसाच्या वजनानं स्लॅब सुटण्याची दाट शक्यता, असा आहे. आणि पत्रक अख्ख्या जिल्ह्याचं असतं. आपल्या पायाखालच्या उताराचं पत्रक आपणच लिहायचं.

मग ती सकाळ उगवली. आकाश निळं, रांग लांब. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत चालू, वरचा टप्पा बंद. स्की पट्रोलवाले वर जाऊन स्फोट करून धोक्याचा बर्फ पाडणार, खात्री झाल्यावर दार उघडणार. तेही फक्त खुणांच्या आतल्या भागापुरतं, त्याच्या पलीकडच्या दऱ्यांना कोणी हात लावत नाही. दूरवर धप्प धप्प आवाज येत होते आणि रांगेतली माणसं घड्याळं बघत चिडत होती. सरांनी आम्हाला रांगेतून काढून कोंगदोरीखालच्या एका बुटक्या, आडबाजूच्या उतारावर नेलं आणि हातात फावडी दिली.

खड्डा खणायला अर्धा तास लागला. माणूसभर खोल, वरच्या अंगाची भिंत ओळंब्यात तासलेली. आता माझ्या आवडीचा भाग. भिंतीवरून हात फिरवत जायचं. वरच्या थरात अख्खी मूठ आत जाते. त्याखाली चार बोटं. त्याखाली एक बोट. एके ठिकाणी एक बोटही जाईना, पेन्सिल लागली, ते वाऱ्यानं दाबलेलं पटल. आणि तळाशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, पुन्हा मूठ सहज आत. वरून खाली घट्ट होत जायला हवं, इथे घट्टाच्या खाली पोकळ होतं. तिथले दाणे काळ्या पत्र्यावर घेऊन भिंगातून पाहिले. कोनदार, चकचकीत, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले. डिसेंबरचा बर्फ.

मग चाचणी. भिंतीत आडवा नव्वद सेंटीमीटर रुंद आणि मागे तीस सेंटीमीटर खोल असा खांब दोरीनं कापून मोकळा करायचा. त्याच्या एका टोकावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि वर हातानं थापा मारायच्या. पहिल्या दहा मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून. बघायचं काय, तर तडा नुसता फावड्याखाली पडतो, की खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावतो. धावला तर ती वाईट खबर. आमच्या मनगटाच्या थापा संपल्या, काही नाही. कोपराच्या थापा सुरू झाल्या आणि सुरुवातीच्याच एका थापेला टक्कन आवाज होऊन वरचा आख्खा ठोकळा, नव्वदच्या नव्वद सेंटीमीटर, सरकून पुढे आला. तासल्यासारखा गुळगुळीत काप. आयुष्यभर काँक्रीटचे ठोकळे दाबयंत्रात फोडले, पण एवढ्या थोडक्या जोरात एवढी स्वच्छ मोडतोड मी पाहिली नव्हती.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "पण हा एक खड्डा. दहा मीटरवर वेगळं असेल." बरोबर होतं त्याचं. सर म्हणाले, म्हणूनच खड्डा 'जा' असं कधी सांगत नाही. 'नको' असं सांगितलं तर ऐकायचं.

दुपारी गाडलेल्या माणसाची कवायत झाली. मोकळ्या मैदानावर पोत्यांत बीकन घालून पुरलेले, हातात घड्याळ. गाडल्या गेलेल्यांपैकी बहुतेक जण गुदमरून जातात. पूर्वी सांगत की पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर दहातले नऊ वाचतात. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींच्या अलीकडच्या अभ्यासानं ही मुदत दहा मिनिटांवर आणली आहे. त्यानंतर आलेख कोसळतो. खालून मदत येईपर्यंत ही वेळ कधीच उलटून गेलेली असते, म्हणून जे काही करायचं ते बरोबरच्यांनीच. बीकननं जागा शोधायला आम्हाला वेळ लागला नाही, इंदूरची रेती कामी आली. दम निघाला तो खणण्यात. स्खलनाचा बर्फ थांबताक्षणी घट्ट होतो, हातानं उकरता येत नाही, घनमीटरला चारशे-पाचशे किलो भरतो. मीटरभर खाली असलेल्या माणसापर्यंत पोचायला टनाहून जास्त बर्फ हलवावा लागतो. एकट्यानं सरळ खाली विहीर खणत गेलं तर बर्फ पुन्हा आत पडत राहतो. प्रोबच्या खालच्या अंगाला मागे सरकून, उताराच्या दिशेनं खणत आत शिरायचं. एक जण टोकाला कापतो, मागचे दोघे-तिघे इंग्रजी व्हीच्या आकारात उभे राहून बर्फ मागे ढकलतात, आणि मिनिटामिनिटाला जागा बदलतात. प्लास्टिकचं फावडं मोडतं, हे तिथे एकाच्या हातात मोडलं तेव्हा सगळ्यांना कळलं.

शेवटी प्रत्यक्ष चढाई. वादळानंतर दोन रात्री गेल्या होत्या, इशारा चौथ्यावरून तिसऱ्या पायरीवर आला होता. स्कीच्या तळाला स्किन चिकटवून आम्ही सकाळी निघालो. स्किन म्हणजे एका दिशेला लव असलेली पट्टी, पुढे सरकते, मागे घसरत नाही. निघण्याआधी प्रत्येकाचा बीकन चालू आहे का ते सरांनी एकेकाला समोरून चालवून तपासलं. बेत असा होता की सोंडेच्या माथ्यानं चढायचं आणि वर जाऊन डावीकडच्या वाडग्यासारख्या खोलगट उतारावर उतरायचं की नाही ते ठरवायचं.

सोंड सौम्य होती, वीस-बावीस अंश. झाडं विरळ झाली आणि मोकळ्या सपाटीवर आलो. मी दुसरी होते. पाऊल टाकलं आणि पायाखालून 'हुंफ्' असा दबका आवाज आला. ऐकू आला त्यापेक्षा पोटात जास्त जाणवला. जमीन बोटभर खाली बसली. दहा-बारा पावलांवरच्या एका झुडपानं अंग झटकलं. कमजोर थर तिथून इथपर्यंत एकदम कोसळला होता. उतार नव्हता म्हणून काही सुटलं नाही. पण हा कोसळा सपाटीवरून पसरत जाऊन वरचा उभा उतारही सोडू शकतो, म्हणजे आपण खाली सुरक्षित जागी उभं राहून वरची आफत अंगावर घेऊ शकतो.

सर थांबले. काही न बोलता सगळ्यांकडे पाहिलं आणि नेहमीचा नियम सांगितला. प्रत्येकानं मत द्यायचं, सगळ्यात नवख्यापासून सुरुवात, आणि एकानं जरी नाही म्हटलं तरी नाही. हा नियम का आहे, ते रात्री बोलणं झालं होतं. अमेरिकेतल्या इयान मॅकॅमन यांनी सातशेहून अधिक अपघातांच्या नोंदी चाळून दाखवलं की धोक्याच्या खुणा समोर दिसत असताना माणसं पुढे गेली. ओळखीचा डोंगर, गटातला जाणकार, ठरलेला बेत, दुसऱ्यांच्या रेघा, संपत चाललेली ताजी पावडर. यातलं एकेक कारण डोक्यावर बसतं आणि डोळे बंद होतात.

आमच्याकडे ही सगळी कारणं होती. वर रेघासुद्धा होत्या. आम्ही उभे असतानाच चार जणांचा दुसरा गट पलीकडच्या धारेवरून त्याच खोलगट उतारावर उतरला. एकामागून एक नाही, दोघे दोघे. बर्फाचे लोट उडवत, आरोळ्या मारत. खाली पोचून त्यांनी काठ्या उंचावल्या. काही झालं नाही.

नवखी मी. "नको," मी म्हटलं. खड्डा, आवाज आणि वाऱ्यानं भरलेली बाजू, एवढं मला पुरे होतं. पुण्याचं जोडपं होतं, त्यांनीही नको म्हटलं, नवऱ्यानं जरा नाखुशीनं. भाचा म्हणाला, "मला जावंसं वाटतंय. पण एक नको आलाय ना, मग झालं." सरांनी स्वतःचं मत सांगितलंच नाही, वळून स्कीचं तोंड खाली केलं.

आल्या वाटेनं परतलो आणि दुसऱ्या दिवशी जंगलातून बाबा रेशीच्या दर्ग्याच्या बाजूला उतरलो. तीसच्या बऱ्याच खालचा उतार, सरांनी जागोजागी मापून घेतलेला. एकेकानं जायचं, बाकीच्यांनी दिसेल अशा जागी थांबून बघायचं. झाडांच्या बुंध्याशी बर्फ पोकळ असतो, तिथे डोक्यावर पडलं तर एकट्याला बाहेर येता येत नाही, म्हणून तिथेही जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. पावडर तिथेही होती, गुडघ्यापर्यंत. वेग कमी होता, मला तो पुरेसा होता.

खाली दर्ग्याजवळ चहा घेताना भाच्यानं मनातलं काढलं. "मावशी, ते चौघे उतरले ना? काही झालं नाही. मग आपण घाबरलो की बरोबर वागलो?"

मी त्याला माझ्या धंद्यातलं सांगितलं. धोकादायक म्हणून अहवाल दिलेली इमारत वर्षभर उभी राहिली, म्हणजे अहवाल चुकला असं होत नाही. त्यावर तो म्हणाला, "इमारतीत तू गाभा काढून तपासू शकतेस. इथे तो उतार सुटला नाही तर सुटणार होता की नव्हता हे कधी कळणारच नाही. उद्या त्या चौघांना वाटेल, आपल्याला बर्फ कळतो. पुढच्या वेळी ते आणखी उभ्या जागी जातील."

"आणि आपल्याला?"

"आपल्याला वाटेल, आपण वाचलो. तेही खरं असेलच असं नाही."

इतकं नेमकं तो बोलेल असं मला वाटलं नव्हतं. सर शेजारी बसून गिरदा, म्हणजे तिथली तंदुरी रोटी, चहात बुडवून खात होते. त्यांना हिंदीत सांगितलं, तर म्हणाले, लडका ठीक बोल रहा है, आणि आणखी एक गिरदा मागवला.

पुढच्या हिवाळ्याचा बेत अजून ठरत नाही. भाच्यानं स्वतःचा बीकन घेतला आहे आणि तो जानेवारीतली तारीख सांगतो, कारण पावडर तेव्हाच. मी मार्च म्हणते. तोवर जुना बर्फ बसतो, रात्री गोठतो, दिवसा ऊन त्याला सैल करतं. ओला बर्फ दुपारी सुटतो, तेव्हा पहाटे चढून उन्हाआधी खाली यायचं, धोका निदान घड्याळावर वाचता येतो. तो म्हणतो, ओल्या बर्फात मजा नाही. काल रात्रीच पुन्हा फोन आला होता. मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली दिल्ली-श्रीनगर तिकिटं बघून ठेवली आहेत, अजून काढली नाहीत.